बोर्ड हनुवटीला लावणाऱ्यांनो

स्नोबोर्ड उभा धरा, अंगाला टेकवा, वरचं टोक हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये कुठंतरी आलं की तो बोर्ड तुमचा. मनालीहून सोलंगला जाणाऱ्या रस्त्यावरचा दुकानदार हेच करतो, गुलमर्गला भाड्याने बोर्ड देणारा हेच करतो, आणि तिथून परतलेली आमची सुरतेतल्या उधना-लिंबायत-डिंडोलीची पोरं पुढच्या वर्षी जाणाऱ्यांच्या कानात हाच गुरुमंत्र फुंकतात. "उंची किती तुझी? पाच-सात? मग एकशे बावन्न घे." झाला सल्ला. वजन विचारलं नाही. बुटाचा नंबर विचारला नाही. कुठे जाणार, कोणत्या महिन्यात जाणार, तिथे जाऊन नक्की करणार काय, हेही नाही.

हा नियम धडधडीत खोटा असता तर कधीच मेला असता. तो अधूनमधून बरोबर निघतो, म्हणून तगून आहे. मध्यम उंचीच्या, मध्यम वजनाच्या, मध्यम पायाच्या माणसाला दाबलेल्या बर्फावर तो फारसा त्रास देत नाही. पण असा सगळ्या बाजूंनी मध्यम माणूस तुमच्या ओळखीत किती जणांना म्हणता येईल? आणि हिमालयात दाबलेला बर्फ तरी किती ठिकाणी आहे?

समोरच्यांचं म्हणणं मी त्यांच्याच तोऱ्यात मांडतो, म्हणजे अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको. ते म्हणतात, हा नियम जुना आहे, हजारो लोक त्यावर शिकले. ते म्हणतात, नवशिक्याला एवढी चिकित्सा परवडत नाही, त्याला आखूड फळी द्या आणि सोडा. ते म्हणतात, जो तयार झाला तो लांब बोर्ड घेतो, लांबी हीच तयारीची खूण. ते म्हणतात, बर्फ म्हणजे बर्फ, औली काय आणि गुलमर्ग काय. आणि शेवटी हसून म्हणतात, उधन्यात राहून, फेब्रुवारीतच पंखा पाचवर फिरवणाऱ्या माणसाने बर्फाच्या फळीचं माप काढत बसावं, हाच मुळात विनोद आहे.

शेवटच्या मुद्द्याचा निकाल आधी लावतो, कारण तो सगळ्यात जास्त टाळ्या घेतो. बर्फ ज्याच्या दारात आहे त्याला माप चुकलं तर काय फरक पडतो? गुलमर्ग किंवा तंगमर्गचा पोरगा आज एका बोर्डावर उतरतो, नाही जमला तर उद्या मित्राचा घेतो. त्याच्याकडे अख्खा हिवाळा आहे. आमच्याकडे कारखान्यातून मिळालेली सुट्टी आहे, रेल्वेचं रिझर्वेशन आहे, आणि ढग मध्ये आले तर त्यातले दिवसही गेले. ज्याचे बर्फावरचे दिवस बोटांवर मोजण्याइतके, त्यानेच माप जास्त काटेकोर पाहायला हवं. तापीच्या काठावरून हिमालयात जाणाऱ्याला चुकीच्या बोर्डाची चैन परवडत नाही. ती चैन काश्मिरी माणसाला परवडते.

शिवाय आम्हाला मापाचं कौतुक कुणी शिकवावं? उधना-जळगाव लाइनने खानदेशातून ज्यांचे आजे-बाप इथे आले, त्यांतले बरेचसे कापडाच्याच कामाला लागले. रिंग रोडच्या मार्केटात व्यापाऱ्याने माल पुढे टाकला की गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतं? किती ग्राम? पन्हा किती? साठ ग्रामची जॉर्जेट म्हटली की कापड कसं पडेल, कशाला चालेल, कोण घेईल, हे डोळे मिटून सांगणारी माणसं आमच्या गल्लीत आहेत. मीटरचा प्रश्न येतो शेवटी, बिल फाडताना. जो माणूस वजन आणि पन्हा विचारल्याशिवाय ताक्याला हात लावत नाही, तोच बर्फावर गेल्यावर फक्त लांबी विचारतो आणि तीही हनुवटीला लावून. तिथे याची धंद्यातली सगळी अक्कल कुठे जाते?

आता वजनाचं पाहू, कारण सगळं तिथून सुरू होतं. बोर्डाला तुमची उंची कळायला काही मार्ग नाही. त्याला कळतो तो वरून येणारा भार. स्नोबोर्डच्या दोन्ही बाजू सरळ नसतात, कमरेत आत गेलेल्या असतात. त्या कमानीला साइडकट म्हणतात. तुम्ही बोर्ड एका कडेवर कलवता, तुमचा भार मधल्या भागावर येतो, मधला भाग बर्फाला टेकेपर्यंत फळी वाकते आणि तिची कड एका वर्तुळाचा तुकडा होते. वळण म्हणजे तो तुकडा. फळी वाकली नाही तर वळण नाही, नुसती घसरण आहे. गरजेपेक्षा जास्त वाकली तर वेग वाढताच ती थरथरते आणि मागचा भाग सुटतो.

आता पाच फूट सात इंचांची दोन माणसं समोर उभी करा. एक ५८ किलोचा, दुसरा ८८ किलोचा. दोघांच्या हनुवट्या एकाच पातळीवर. हनुवटीचा नियम दोघांच्या हातात एकच बोर्ड देतो. पहिल्याला तो वाकवता येत नाही, म्हणून तो उतारभर बर्फ खरवडत खाली येतो आणि संध्याकाळी सांगतो की आपल्याला हे जमणार नाही. दुसऱ्याखाली तोच बोर्ड केळीच्या सालीसारखा होतो. कंपन्यांचे तक्ते काढून पाहा, बहुतेकांत दुसऱ्याचा बोर्ड पहिल्यापेक्षा बराच लांब सापडेल. प्रत्येक लांबीपुढे वजनाचा पल्ला छापलेला असतो. उंचीचा रकाना अनेक तक्त्यांत नसतोच. बोर्ड बनवणाऱ्यांना तो सुचला नाही, आणि आमच्या डिंडोलीच्या तज्ज्ञांना तेवढा एकच सुचला.

वजन म्हणजे काट्यावरचं नुसतं अंगाचं वजनही नव्हे. तक्त्यातला पल्ला पाहताना आपण कुठल्या टोकाला आहोत ते पाहावं लागतं. पाठीवर पिशवी, तिच्यात पाणी, वर चढणार असाल तर फावडं, बर्फात गाडलेल्याला शोधायची काठी, असं करत काही किलो सहज चढतात. पल्ल्याच्या वरच्या टोकाला असलेला माणूस पिशवी पाठीला लावली की पल्ल्याबाहेर जातो. डोंगरावर स्वतः चढून उतरणारे लोक दोन भागांत सुटणारा स्प्लिटबोर्ड थोडा लांब घेतात त्याचं एक कारण हे आहे. त्यांच्या हनुवट्या काही पिशवीमुळे वर सरकलेल्या नसतात.

आणि हनुवटी ते नाक म्हणजे नक्की किती? स्वतःच्या चेहऱ्यावर पट्टी धरून पाहा. सात-आठ सेंटिमीटरचा मामला आहे. बोर्डाची मापं तीन-चार सेंटिमीटरच्या टप्प्याने येतात. १५०, १५३, १५६ असे तीन वेगवेगळ्या स्वभावाचे बोर्ड एकाच माणसाच्या हनुवटी आणि नाकाच्या मध्ये ऐसपैस बसतात. मग या नियमाने निवड केली कुठे? त्याने तीन बोर्ड समोर ठेवले आणि 'यातला कुठलाही घे' म्हणाला. नियम पाळल्याचं समाधान तुमचं, निर्णय दुकानात जो शिल्लक होता त्याचा.

त्यातही जो भाग हनुवटीला लागतो, तो कडक बर्फावर जमिनीला लागतच नाही! बोर्डाचं पुढचं आणि मागचं टोक वर वळलेलं असतं. कडेवर कलल्यावर बर्फ धरणारी जी कड उरते ती एकूण लांबीपेक्षा बरीच कमी असते. १५६ च्या बोर्डात साधारण १२० च्या आसपास. त्यातही एका कंपनीचं नोज, म्हणजे पुढचं टोक, लांबट, दुसरीचं बोथट. म्हणजे दोन १५६ शेजारी ठेवले तर उंची सारखी आणि पकड वेगळी. त्यात कॅम्बर आणि रॉकरचा फरक धरा. कॅम्बरचा बोर्ड सपाट जमिनीवर ठेवला तर मध्ये उचललेला दिसतो, भार आला की पूर्ण लांबीने टेकतो आणि धरतो. रॉकर उलटा, टोकांकडे आधीच उचललेला. त्याची टेकणारी लांबी कमी, म्हणून तो थोडा लांब घेतला तरी पायाखाली आखूड वाटतो. हनुवटीला यातलं काय कळतं? नोज किती वर वळलंय, एवढंच.

"पण जुना नियम आहे." जुना आहे ना, मग त्याचं खानदान पाहू. शरीराला लावून मापण्याची सवय स्कीवाल्यांची. सरळ, अरुंद स्कीच्या जमान्यात हात वर करायचा आणि मनगटापर्यंत स्की यायला हवी असं शिकवत. दोनशे सेंटिमीटरच्या स्की सर्रास होत्या. मग १९९० च्या दशकात कमरेत आत गेलेल्या कार्व्हिंग स्की आल्या आणि पाहता पाहता मनगटावरचं माप हनुवटी-नाकापर्यंत खाली आलं. माणसं दहा वर्षांत फूटभर बुटकी झाली का? स्कीचा आकार बदलला, म्हणून माप बदललं. म्हणजे माप शरीरातून कधी आलंच नव्हतं. ते स्कीच्या घडणीतून येत होतं, शरीर फक्त पट्टी म्हणून हाताशी होतं.

स्नोबोर्डचा जन्म तर याहून दूरचा. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की एकत्र जोडल्या आणि पुढे त्याचं स्नर्फर नावाचं खेळणं बाजारात आलं. पाय बांधायची सोय नव्हती, पुढच्या टोकाला धरायला दोरी. जेक बर्टन कारपेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले, युटातले दिमित्रीये मिलोविच सर्फबोर्डवरून धडा घेऊन खोल भुसभुशीत बर्फासाठी फळ्या करत होते. हे सगळे लोक एकच प्रश्न सोडवत होते: या बर्फावर ही फळी तरंगेल का आणि वळेल का? कुणाच्या हनुवटीचा त्या प्रश्नाशी संबंध नव्हता.

अजून पुरावा हवा तर काश्मीरमधलाच देतो. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या दोन्ही शर्यतींत उतरला. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या वरच्या पातळीच्या नियमानुसार पुरुषांच्या स्लॅलमची स्की किमान १६५ सेंटिमीटरची, जायंट स्लॅलमची किमान १९३ ची. एकच खेळाडू, एकच ऑलिंपिक, मध्ये काही दिवसांचं अंतर, आणि स्कीच्या किमान मापात २८ सेंटिमीटरचा फरक. मधल्या दिवसांत आरिफची हनुवटी फूटभर वर सरकली होती, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. बाकीच्यांना यातून दिसेल की जवळजवळ येणाऱ्या खांबांमधून झपाझप वळायचं असेल तर आखूड लागतं आणि वेगात लांब वळणं घ्यायची असतील तर लांब. स्नोबोर्डमध्येही तेच. समांतर जायंट स्लॅलमचे पुरुषांचे बोर्ड १८० च्या पुढचे असतात, टेकाडांवरून उड्या मारणारे आणि रेलिंगवरून घसरणारे १५० च्या घरातले घेतात. तुम्ही काय करणार आहात हे न विचारता लांबी सांगणारा माणूस नक्की कशाची लांबी सांगतोय?

आता पायाकडे या. इथे आमच्या लोकांचं सर्वात जास्त नुकसान होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. स्नोबोर्डवर पाय आडवे असतात. बूट बोर्डापेक्षा फार लांब असला तर कलल्यावर पुढे बोटं किंवा मागे टाच बर्फात रुतते आणि माणूस उडतो. म्हणून दहा-अकरा नंबरच्या बुटाला रुंद बोर्ड लागतो. परदेशातले सगळे सल्ले या भीतीने भरलेले असतात, कारण तिथे मोठे पाय भरपूर. आपल्याकडे उलटी परिस्थिती. सहा-सात नंबरचा पाय असलेल्या किती पुरुषांना नऊ-दहा नंबरसाठी बनवलेल्या रुंद बोर्डावर उभं केलं जातं! बोटं आणि टाच कडेपासून आत राहतात, कड कलवायला दुप्पट जोर लागतो, बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ लावतो. पोटऱ्या दुखतात आणि दोष दिला जातो 'सुरती माणसाच्या स्टॅमिन्याला'. अशा माणसाने 'लेडीज' लिहिलेला अरुंद बोर्ड घेतला तर निम्मा त्रास जाईल. घेणार कोण? तो गुलाबी असतो ना! उलट मोठ्या पायाच्या बाईला पुरुषांचा बोर्ड बरोबर बसतो आणि दुकानदार तिला हमखास गुलाबीच देतो. बोर्डाच्या रंगावरून निवड करणारे आणि हनुवटीवरून निवड करणारे, या दोघांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

न्याय म्हणून एक गोष्ट कबूल करतो, तेवढीच. उंचीचा संबंध येतो तो दोन पायांमधल्या अंतराशी. लांब पायांच्या माणसाला पाय बांधायची बाइंडिंग थोडी दूर लावावी लागतात आणि फार आखूड बोर्डावर तेवढी जागा मिळत नाही. इतकंच. यासाठी बोर्ड हनुवटीला लावायची गरज नाही, बाइंडिंगच्या भोकांच्या ओळी पाहिल्या तरी पुरे.

"बर्फ म्हणजे बर्फ" म्हणणाऱ्यांनी हिमालय पाहिला नाही, हिमालयात काढलेले स्वतःचे फोटो पाहिले आहेत. औलीचा उतार घ्या. जानेवारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या, कृत्रिम बर्फाची यंत्रं आली, उतार यंत्राने दाबून सपाट केला जातो. असा दाबलेला बर्फ सकाळी कडक असतो. तिथे कड धरायला हवी, म्हणून वजनाच्या पल्ल्यात नीट बसणारा, कॅम्बरचा बोर्ड. फार आखूड घेतलात तर कडक बर्फावर तो सुटत राहील. सोलंगला फेब्रुवारी संपता संपता दुपारी बर्फ ओला होतो, हजारो पर्यटकांच्या पायांनी आणि घसरायच्या ट्यूबांनी तुडवलेला असतो. तिथे वेग येतच नाही, गर्दीत वळावं आणि थांबावं लागतं. आखूड, लवचीक बोर्ड तिथे खरंच शहाणपणाचा. गुलमर्गला तर एकाच डोंगरावर तीन प्रकार. खाली गोल्फ कोर्सच्या बाजूचे शिकाऊ उतार, गोंडोला रोपवेच्या पहिल्या टप्प्यावर कोंगडोरी, आणि तिथून साधारण ३९५० मीटरपर्यंत नेणारा, २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा. वरच्या अफरवट शिखराच्या मोकळ्या उतारांवर यंत्र फिरत नाही. ताजा बर्फ पडला की तो गुडघ्यापर्यंत भुसभुशीत. तिथे पृष्ठभाग हवा, मोठं नोज हवं, पाय थोडे मागे हवेत, नाही तर पुढचं टोक बुडतं आणि मागची मांडी पेटते. तोच बोर्ड घेऊन कोंगडोरीखालच्या फर-पाइनच्या झाडीत शिरलात तर प्रत्येक खोड तुमच्या लांबीचा हिशेब विचारेल.

इथे 'पावडरला', म्हणजे अशा भुसभुशीत बर्फाला, 'लांबच बोर्ड' म्हणणारे खूश होतील. त्यांनीही जरा थांबावं. जपानमध्ये निसेकोच्या खोल बर्फात तारो तामाई यांच्या जेंटेमस्टिकसारख्या कारखान्यांनी सर्फबोर्डासारखे आकार आणले. मोठं नोज, निमुळती होत जाणारी शेपटी. मग पश्चिमेकडच्या कंपन्यांनी आखूड पण रुंद बोर्ड बाजारात उतरवले, आणि त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की नेहमीपेक्षा काही सेंटिमीटर आखूड घ्या. लांबीत गेलेला पृष्ठभाग रुंदीत परत मिळतो आणि झाडीत वळायलाही सोपं जातं. असा बोर्ड हनुवटीला लावला तर तो गळ्याशीच संपतो. नियमाच्या हिशेबाने तो लहान मुलाचा. बर्फाच्या हिशेबाने तो ८० किलोच्या माणसाला गुडघाभर पावडरमधून अलगद नेतो. आता सांगा, ऐकायचं कुणाचं?

शिवाय ठिकाणाचा स्वभाव दरवर्षी तोच राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं पडलं होतं, गवत दिसत होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी खेळांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून पुढे ढकलून ९ मार्चपासून घ्यावा लागला. 'गुलमर्ग म्हणजे पावडर' असं पाठ करून लांबलचक फळी घेऊन निघालेला माणूस अशा वर्षी गोल्फ कोर्सच्या कडक उतारावर तिच्याशी झगडत बसतो. बर्फ आणणारा पश्चिमी विक्षोभ कधी येणार हे हनुवटी सांगत नाही, हवामान खातं सांगतं. निघण्याच्या आठवड्यात ते पाहावं आणि भाड्याचा बोर्ड तिथे पोचल्यावर, बर्फ पाहून ठरवावा.

नवशिक्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण विरोधकांचा तोच सगळ्यात दणकट गड. नवशिक्याला आखूड द्या, वळायला सोपं जातं. वजनाच्या पल्ल्यातला खालच्या लांबीचा, लवचीक बोर्ड द्या म्हणाल तर माझा वाद नाही. पण दुकानात घडतं वेगळंच. ८५ किलोच्या माणसाला 'नवीन आहे' म्हणून १४५ दिला जातो. तो बोर्ड त्याच्या वजनाखाली दबून जातो, जरा वेग आला की डळमळतो, प्रत्येक छोट्या चुकीला उसळून उत्तर देतो. नवशिक्याच्या चुका जास्त, म्हणून त्याला चुका माफ करणारी फळी हवी. अति आखूड फळी माफ करत नाही. शिकाऊ माणसाला सगळ्यात घाबरवणारा प्रकार म्हणजे सपाट भागात नको ती कड अचानक रुतून तोंडावर आदळणं, आणि डळमळत्या बोर्डावर तो पुन्हा पुन्हा होतो. मग सांगतात, "पहिल्या दिवशी सगळेच पडतात." पडतात. पण ज्याला फळीनेच पाडलं त्याला वाटतं की आपणच पडलो.

तयार माणसाचा लांब बोर्ड हा तर निव्वळ मर्दानगीचा खेळ आहे. १६२ खांद्यावर टाकून गोंडोलाच्या रांगेत उभं राहिलं की फोटो झकास येतो, आणि त्यापुढे एक पाऊल टाकून लांब बोर्ड घेतला म्हणजे दुसऱ्या टप्प्यावर जायचा परवानाच मिळाला असं काही जण समजतात. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुद भागात हिमस्खलन झालं आणि पोलंडचे दोन स्कीपटू गेले. बर्फाचा थर कधी सुटेल हे कुणाच्याही पायाखालच्या लांबीवर ठरत नाही. तिथे वाटाड्या लागतो, गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं संकेतयंत्र लागतं, आणि 'आज नको' म्हणायची तयारी लागते. बोर्ड लांब झाल्याने अक्कल लांबत नाही.

मग एवढी छिद्रं असलेला नियम टिकला कसा? उंची डोळ्यांना दिसते, वजन विचारावं लागतं. रांगेत वीस पर्यटक उभे, प्रत्येकाला कोट-बूट द्यायचे, घोडेवाला आणि स्लेजवाला बाहेर ओरडतोय, अशा वेळी दुकानदाराला दोन सेकंदांत उरकणारा नियम हवा असतो. गिऱ्हाइकालाही वजन सांगायचं नसतं. सांगितलं तरी पाच किलो कमी करून सांगतं, आणि हे फक्त बायका करतात असं समजू नका. दुकानातल्या भिंतीवर जे बोर्ड टेकवून ठेवलेत त्यांतलेच द्यायचे असतात. हनुवटीचा नियम इतका सैल आहे की उरलेला कुठलाही बोर्ड त्यात बसवता येतो. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याच्या धंद्याला तो नियम सोयीचा आहे. माझा राग आहे तो काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसांवर. दुकानदाराची सोय स्वतःचं ज्ञान म्हणून घरी घेऊन येणाऱ्या, आणि ती उधन्याच्या चहाच्या टपरीवर पुढच्या पिढीला वाटणाऱ्या.

'एक तासाच्या गमतीसाठी कशाला एवढं?' असंही विचारतात. तासाभराची गंमत करायची असेल तर ट्यूबवर बसा, तिला लांबी नसते. बोर्डावर पाय बांधणार असाल तर तो एक तासही तुमच्याच गुडघ्यांचा, मनगटांचा आणि पैशांचा आहे.

तेव्हा या हिवाळ्यात जाणार असाल तर घरून निघताना कारखान्याच्या काट्यावर कपड्यांसकट उभे राहा आणि आकडा लिहून ठेवा. बुटाचा नंबर लिहा. काउंटरवर दोन्ही आकडे आधी सांगा, मग तुम्ही कुठल्या उतारावर जाणार आणि तिथे काय करणार ते सांगा, आणि बोर्डावर छापलेला वजनाचा पल्ला स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. बूट घालून बोर्डावर आडवे उभे राहा. बोटं आणि टाच दोन्ही बाजूंनी जरा जरा बाहेर आली पाहिजेत, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि आत तर मुळीच राहता कामा नयेत. एवढं जुळलं की लांबीचा आकडा पाहा, तो बहुतेक वेळा आपोआप जुळलेला असेल. आणि कुणी न विचारता बोर्ड उचलून तुमच्या हनुवटीला लावलाच, तर शांतपणे तो परत भिंतीला टेकवा आणि शेजारच्या दुकानात जा.